बंदुकीची शिस्त : जवळच्या व मध्यम पल्ल्याच्या रायफलीवरील दर्शकांच्या निवडीचा इतिहास

१

मराठीत ‘नेम’ आणि ‘शिस्त’ ह्या दोन शब्दांचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी झालेला आहे. ‘नेम’ हा संस्कृत ‘नियम’ शब्दाचा तद्भव. ‘नेमधर्म’, ‘नेमाने’ ह्या प्रयोगांत तो मूळचा अर्थ आजही टिकून आहे. परंतु ‘नेम धरणे’ ह्या प्रयोगात तोच शब्द बाण किंवा गोळी कोठे लागावी ते ठरविण्याच्या क्रियेचा वाचक झाला. ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आला. मूळ ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तसेच तिरंदाजाने अंगठ्यावर चढवावयाचे कडे. त्यावरून रोख, नेम असा अर्थ झाला. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम साधणे हा प्रयोग जुन्या मराठीस परिचित होता. पुढे ह्या शब्दाने शस्त्राची संगत सोडली आणि शाळा, कचेरी व कवायतीचे मैदान येथील नियमबद्ध वर्तनाचा अर्थ पत्करला. एक शब्द नियमाकडून नेमाकडे गेला, दुसरा नेमाकडून नियमाकडे आला. राष्ट्रीय छात्रसेनेतील मराठी विद्यार्थ्याच्या कानांवर हिंदी पाठातील ‘शिस्त लेना’ हा आदेश पडतो तेव्हा त्याला प्रथम जो गोंधळ वाटतो, त्याचे मूळ ह्या इतिहासात आहे. कारण जिला तो शिस्त म्हणतो तिला हिंदीत ‘अनुशासन’ म्हणतात.

हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. नेम धरणे ही क्रिया शतकानुशतके खरोखरच नियमपालनाची क्रिया होती. डोळा, बंदुकीवरील मागची खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य अशा चार गोष्टी एका रेषेत आणावयाच्या व त्या रेषेत असतानाच श्वास आवरून चाप ओढावयाचा, ही सवय महिनोन्‌महिन्यांच्या सरावानेच अंगी बाणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेच्या दर्शकांनी ही रेषा जुळविण्याचे काम पुष्कळसे स्वतःकडे घेतले. तो बदल कसा घडला, जवळच्या व मध्यम पल्ल्यासाठी, म्हणजे साधारणतः खोलीच्या लांबीपासून तीनशे मीटरपर्यंतच्या अंतरासाठी, दर्शकाची निवड कोणत्या विचाराने होत गेली, आणि त्या निवडीत काय मिळविले व काय पणास लागले, ह्याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

२

रायफलीवरील दर्शक हे अंतराविषयीचे एक विधान असते. ज्या अंतरापर्यंतचे आकडे त्यावर कोरलेले असतात, त्या अंतरापर्यंत ह्या शस्त्राचा उपयोग होईल असे त्याच्या कर्त्याने गृहीत धरलेले असते. ह्या दृष्टीने पाहता पहिल्या महायुद्धापूर्वीच्या सैनिकी रायफली वाचनीय ठरतात. १९०७ मध्ये स्वीकारलेल्या ब्रिटिश ली-एन्फील्ड रायफलीच्या मागील पट्टीवर २००० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या, आणि तिच्या डाव्या अंगास बसविलेल्या जादा दर्शकावरून २८०० यार्डांपर्यंत सामूहिक मारा करण्याची सोय होती. जर्मनांच्या १८९८ च्या रायफलीवरील खुणा ४०० मीटरपासून सुरू होऊन २००० मीटरवर संपत. म्हणजे त्याहून जवळचा शत्रू हा जणू अपवाद होता.

ह्या आकड्यांचा अर्थ थोड्या गणिताने स्पष्ट होईल. २००० यार्डांवर उभा असलेला माणूस डोळ्याशी जेमतेम तीन कला, म्हणजे अंशाचे तीन साठांश, इतका कोन करतो. हात लांब करून धरलेल्या कागदावरील अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेएवढा तो दिसेल. निरोगी डोळ्याची भेदक्षमता सुमारे एक कला असते हे ध्यानात घेतले, म्हणजे अशा ठिपक्यावर नेम धरण्याची कल्पना एकट्या शिपायासाठी किती पोकळ होती हे कळते. तिचा आधार दोन गोष्टींत होता. पहिली, मशीनगन सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी दूरच्या दाट तुकडीवर अनेकांनी एकदम मारा करण्याची पद्धत. आणि दुसरी, निशाणबाजीच्या स्पर्धांची प्रतिष्ठा. इंग्लंडमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८५९ मध्ये झाली व १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने टेकणावर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून ४०० यार्डांवरील निशाणावर पहिली गोळी झाडली. १८९० मध्ये हे मैदान बिस्ले येथे हलले. शांत हवा, पांढरे फळे, काळे वर्तुळ आणि हाताशी भरपूर वेळ ह्या परिस्थितीत घडलेली गुणवत्तेची कल्पना रणांगणावर जशीच्या तशी नेण्यात आली.

प्रत्यक्ष युद्धाने ही कल्पना हळूहळू सोलून काढली. १९१६ मध्ये ली-एन्फील्डवरील दूर पल्ल्याचा जादा दर्शक गाळण्यात आला. दुसऱ्या महायुद्धातील तिच्या पुढील आवृत्तीवर खाचेऐवजी डोळ्याजवळचे छिद्र आले व त्यात ३०० यार्डांसाठी एक स्थिर छिद्र ठेवण्यात आले. भारतातही हीच वाटचाल दिसते. ईशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडविलेल्या ली-एन्फील्डच्या पहिल्या रूपावर २००० मीटरपर्यंतच्या खुणा होत्या. सुधारलेल्या रूपावर त्या ८०० मीटरवर थांबविण्यात आल्या. रशियनांच्या १९५९ च्या कलाश्निकोव्ह रायफलीवर १००० मीटरपर्यंतचे आकडे आहेत खरे, परंतु त्या पट्टीच्या अगदी आरंभी रशियन लिपीतील ‘प’ हे अक्षर आहे. त्याचा अर्थ ‘कायमचा’. सुमारे ३०० मीटरपर्यंत अंतराचा विचारच न करता ह्या खुणेवर पट्टी ठेवून माणसाच्या मध्यावर नेम धरावा, असा त्याचा आशय. एका बाजूस परंपरेचे हजार मीटर आणि दुसऱ्या बाजूस अनुभवाचे एक अक्षर, अशी ही पट्टी दोन युगांची साक्ष एकाच वेळी देते.

३

ह्या अनुभवास मोजमापाचे रूप अमेरिकेत मिळाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सैनिकी संशोधन कार्यालयातील नॉर्मन हिचमन ह्यांनी पायदळाच्या हातातील शस्त्राविषयी १९५२ मध्ये एक अहवाल सादर केला. रायफलीचा लढाईतील उपयोग ३०० यार्डांपलीकडे क्वचितच होतो, आणि नेमकेपणा तर १०० यार्डांपलीकडेच झपाट्याने घसरू लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. भूप्रदेशाची रचनाच अशी असते की उभा माणूस सलगपणे फार दूरवरून दिसत नाही, हेही त्यात दाखवून दिलेले आहे. अर्थात अडचण शिपायाच्या आळसाची नसून शस्त्राच्या मूळ गृहीताचीच होती.

ब्रिटनमध्ये ह्याच सुमारास एक धाडसी प्रयोग झाला. १९५१ मध्ये स्वीकृत झालेल्या ईएम-२ ह्या आखूड रायफलीच्या मुठीतच एक काचेचा दर्शक कायमचा बसविलेला होता आणि तो वस्तू मोठी करून दाखवीत नसे. त्याचे काम एवढेच, की नेमाची खूण व लक्ष्य एकाच वेळी स्वच्छ दिसावे. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार बदलले, काडतुसाच्या प्रमाणीकरणाचा वाद आड आला व ही रायफल मागे पडली. तरी प्रत्येक सामान्य शिपायाच्या हाती भिंगे द्यावीत, ती केवळ निवडक नेमबाजांची मिरास नसावी, हा विचार येथे प्रथम ठामपणे मांडला गेला.

४

न मोठे करणाऱ्या भिंगाचा उपयोग काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर केंद्रित होऊ शकतो. खाच हातभर, माशी त्याच्या दुप्पट आणि लक्ष्य शंभर मीटरवर असताना तिन्ही स्पष्ट दिसणे अशक्यच. म्हणून जुने शिक्षक माशी स्पष्ट पाहा, लक्ष्य पुसट दिसले तरी चालेल, असे सांगत. परंतु जेथे धोका असतो तेथेच नजर खिळावी ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे, आणि जवळच्या पल्ल्यावर तर ती मोडणे अतिशय अवघड जाते.

ह्यावरचा उपाय डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब ह्यांनी १९०० मध्येच शोधला होता. प्रकाशित खुणेची किरणे समांतर करून तिरप्या काचेवरून डोळ्याकडे वळविली, तर ती खूण अनंत अंतरावर, म्हणजे लक्ष्याच्याच पातळीवर, तरंगताना दिसते. मग डोळा मध्यापासून थोडा सरकला तरी खूण लक्ष्यावरून फारशी हलत नाही. जुळवावयाच्या गोष्टी दोनच उरतात. ही युक्ती १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर आली व दुसऱ्या महायुद्धात विमानांवर सर्रास वापरली गेली. रायफलीवर मात्र ती चढेना, कारण दिवा व त्याला लागणारी वीज शिपायाने वाहावी कशी, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

मधल्या काळात एक वेगळाच मार्ग निघाला. ‘सिंगलपॉइंट’ नावाच्या ब्रिटिश दर्शकाच्या नळीतून पलीकडचे काहीच दिसत नसे. एका डोळ्याने आतील ठिपका पाहावयाचा, दुसऱ्या उघड्या डोळ्याने लक्ष्य पाहावयाचे आणि दोहोंची सांगड मेंदूने घालावयाची. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील बंदिशाळेवर अमेरिकनांनी जो रात्रीचा छापा घातला, त्यातील शिपायांच्या रायफलींवर बाजारातून विकत घेतलेले असे दर्शक होते. छावणीत कैदी उरलेले नव्हते, त्यामुळे छाप्याचा हेतू साधला नाही. परंतु अंधारात, जवळच्या अंतरावर, ठिपक्याने काय साधते ते त्या तयारीतून दिसून आले.

विजेचा प्रश्न प्रकाश-उत्सर्जक डायोडने सोडविला. दृश्य प्रकाश देणारा असा डायोड निक होलोन्याक ह्यांनी १९६२ मध्ये सिद्ध केला. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने त्याच्या आधारे तांबड्या ठिपक्याचा दर्शक बाजारात आणला. आरंभी त्याचे गिऱ्हाईक शिकारी होते. पुढे वीज वाचविण्याच्या तंत्रात सुधारणा झाली आणि १९९७ मध्ये अमेरिकन सैन्याने ह्याच जातीचा दर्शक आपल्या रायफलींसाठी स्वीकारला. शिकाऱ्याकडून शिपायाकडे असा हा प्रवास आहे.

५

दुसरी परंपरा मोठे करून दाखविणाऱ्या भिंगांची. ब्रिटिशांनी १९७० च्या दशकात स्वयंभरणी रायफलीवर चौपट मोठे दाखविणारा ‘ट्रायलक्स’ दर्शक बसविला. ट्रिशियम ह्या किरणोत्सर्गी वायूने उजळणारी त्याची सुई वरून खाली उतरलेली असे. १९८५ पासून आलेल्या नव्या रायफलीसही पायदळासाठी चौपटीचाच दर्शक देण्यात आला. ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये स्वीकारलेल्या श्टायर रायफलीवर मात्र अवघे दीडपट मोठे दाखविणारे भिंग होते व खूण म्हणून एक काळे कडे होते. ३०० मीटरवरील उभा माणूस त्या कड्यात बरोबर मावतो. म्हणजे नेमाची खूण हीच अंतर मोजण्याची पट्टीही झाली. १९८७ मध्ये अमेरिकेतील ट्रिजिकॉन कंपनीने ‘एकॉग’ हा चौपटीचा छोटा दर्शक आणला. त्याचे कर्ते ग्लिन बिंडन ह्यांनी असे सुचविले, की दोन्ही डोळे उघडे ठेवून रायफल वेगाने फिरविली, तर मोठे झालेले चित्र धूसर होते व मेंदू उघड्या डोळ्याचे चित्र पत्करतो. रायफल थांबताच तो भिंगातील चित्राकडे वळतो. सर्वांनाच हे सारखे साधत नाही, तरी ह्या सूचनेने दोन परंपरांमधील भिंत पातळ केली.

मोठे दिसण्याची किंमत निश्चित असते. चौपट भिंगातून ३०० मीटरवरचा माणूस ७५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. परंतु दृश्याचा विस्तार आक्रसतो, हाताचा कंप चौपट जाणवतो, आणि डोळा ठराविक अंतरावरच ठेवावा लागतो. एकॉगच्या मूळ नमुन्यात हे अंतर चार सेंटिमीटरांहूनही कमी आहे. भिंगाच्या पुढील काचेचा व्यास मोठेपणाच्या पटीने भागला, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटरची काच व चौपट मोठेपणा असता तो ८ मिलिमीटर येतो. अंधारात विस्फारलेल्या बाहुलीलाही तो पुरतो. आठपट मोठेपणा व ३० मिलिमीटरची काच घेतली तर तो चारहूनही कमी होतो. मग डोळा जरा ढळला तरी चित्र काळवंडते.

ठिपक्यालाही आपली मर्यादा आहे. एक कला कोनाचा ठिपका १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर झाकतो. चार कलांचा ठिपका, जो जवळच्या अंतरावर चटकन सापडतो म्हणून आवडतो, तोच ३०० मीटरवर सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या धडाचा बराच भाग, व्यापून टाकतो. ज्याच्या डोळ्यांत वक्रतादोष आहे त्याला तो वाटोळा न दिसता फाटलेला किंवा पसरलेला दिसतो. अशा माणसासाठी साध्या काचेवर कोरलेली रेघच बरी. शिवाय दर्शक कोणताही असो, तो नळीच्या वर काही अंतरावर बसतो. आधुनिक रायफलींवर हे अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर असते. म्हणून पाच-दहा मीटरवर गोळी खुणेच्या जवळजवळ तेवढीच खाली लागते. गोळीचा मार्ग दृष्टिरेषेला दोनदा छेदतो. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीत पहिला छेद ५० यार्डांवर ठेवला तर दुसरा सुमारे २०० यार्डांवर येतो, आणि मधल्या साऱ्या अंतरात खूण व गोळी ह्यांतील फरक थोड्या सेंटिमीटरांचाच राहतो. ‘प’ ह्या रशियन अक्षराचाच हा काचेतील अवतार म्हणावयाचा.

६

तिसरा प्रकार होलोग्राफीचा. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ह्या दर्शकात लेसरच्या प्रकाशाने काचेतील नोंदविलेली खूण उजळते. मोठे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी अगदी बारीक बिंदू अशी खूण असल्याने जवळ वर्तुळ व दूर बिंदू उपयोगी पडतो. परंतु लेसर डायोडचा तरंगलांब तापमानाप्रमाणे बदलतो व होलोग्राम त्याबाबत फार हळवा असतो, म्हणून त्याची भरपाई करणारी योजना आत करावी लागते. २००१ पासून अमेरिकेच्या विशेष दलांनी हे दर्शक वापरले. अतिथंड व अतिउष्ण हवेत नेमाची खूण सरकते हे ठाऊक असूनही ते सरकारला कळविले नाही, असा आरोप पुढे उत्पादक कंपनीवर झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन कंपनीने तो खटला तडजोडीने मिटविला.

ह्या प्रकरणाचे महत्त्व रकमेपेक्षा मोठे आहे. लोखंडी माशी वाकली तर ती वाकलेली दिसते. काचेतील खूण सरकली तर ती पूर्वीइतकीच तेजस्वी व ठाम दिसते. जुनी शिस्त शिपायाच्या अंगी होती व तिच्यातील उणीव त्याला स्वतःला कळत असे. नवी शिस्त उपकरणात गेली, आणि तिची खात्री प्रयोगशाळेच्या प्रामाणिकपणावर सोपवावी लागली. म्हणूनच काचेच्या दर्शकाबरोबर घडी घालता येणारी लोखंडी माशी व खाच ठेवण्याची रीत अनेक दलांनी चालू ठेवली, ह्यात जुनाटपणा नाही.

७

मग निवड कशी करावी? गेल्या काही दशकांचा अनुभव असा सांगतो की, घरे, गल्ल्या व दाट झाडी ह्यांत पन्नास मीटरच्या आतील काम प्रधान असेल तर मोठे न करणारा ठिपका किंवा होलोग्राम श्रेष्ठ. डोळा कोठेही असो, खूण मिळते. मोकळ्या शेतांतून व टेकड्यांतून शंभर ते तीनशे मीटरचे काम प्रधान असेल तर तिपटी-चौपटीचे स्थिर भिंग श्रेष्ठ. त्यास सेल बहुधा लागत नाहीत व मोडण्याजोगे भागही थोडे. दोन्हींची गरज असेल तर तीन मार्ग आढळतात : ठिपक्याच्या मागे बाजूस वळविता येणारे तिपटीचे भिंग, चौपटीच्या भिंगाच्या माथ्यावर चिमुकला ठिपका, किंवा एकपासून सहा-आठ पटींपर्यंत बदलता येणारे भिंग. अमेरिकन मरीन दलाने २०२० मध्ये व तेथील भूदलाने २०२२ मध्ये एक ते आठ पटींचे दर्शक निवडले. दुसऱ्यात तर अंतर मोजणारा लेसर व गणकयंत्रही आहे. ह्या तिसऱ्या मार्गाची किंमत वजन, पैसा आणि पट बदलण्यात जाणारा क्षण ह्यांत मोजावी लागते.

परंतु ह्या सर्व चर्चेत एक गोष्ट मागे राहते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हिचमनपासून पुढे दर्शकांची तुलना नेम लवकर लागतो की नाही ह्या एकाच कसोटीवर होत आली. नेमापूर्वी एक पायरी असते : समोर कोण आहे हे ओळखणे. मोठे न करणारा ठिपका ह्या पायरीस काहीही साहाय्य करीत नाही. तो हातास वेग देतो, डोळ्यास ज्ञान देत नाही. दोनशे मीटरवरील माणसाच्या हातात रायफल आहे की कुदळ, तो शत्रू आहे, सोबती आहे की आपल्या शेताकडे निघालेला गावकरी, हे चौपटीच्या भिंगातून पुष्कळदा कळू शकते. तांबड्या ठिपक्यातून ते उघड्या डोळ्यांहून अधिक कळत नाही. म्हणून मध्यम पल्ल्यावर थोडे तरी मोठे करणारे भिंग निवडण्याचे खरे समर्थन गोळी लागण्यात जितके आहे, त्याहून अधिक ती न झाडण्यात आहे. जेथे लढाई वस्तीत व वस्तीच्या कडेने होते तेथे हे समर्थन निर्णायक मानले पाहिजे. उलट, एखाद्या दाराशी, चार पावलांवर, ओळख उघड्या डोळ्यांनीच होते. तेथे भिंगाने दृश्य आक्रसले तर शेजारी उभे असलेले मूल दृष्टीआड होईल. म्हणजे दोन्ही टोकांस कसोटी तीच राहते, उत्तर मात्र अंतराप्रमाणे बदलते.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन शब्दांकडे पुन्हा पाहिले तर ह्या निष्कर्षास भाषेचाही आधार सापडतो. रेषा जुळविण्याची शिस्त आता उपकरणाने उचलली आहे. नियम ह्या अर्थाचा नेम, म्हणजे कोणावर, केव्हा आणि कोणती खात्री झाल्यावर, हा मात्र कोणत्याही काचेत कोरता येत नाही. तो ज्याच्या बोटाखाली चाप आहे त्याच्याकडेच राहतो. दर्शक निवडणाऱ्या समित्यांनी आपल्या चाचण्यांत वेगाच्या रकान्याशेजारी ओळखीचा रकानाही ठेवावा, एवढीच ह्या इतिहासाची मागणी आहे.